बॅटरी नाही, मूठ बघा : इलेक्ट्रिक बाइकवाल्यांचे प्रश्न

प्रश्न (निपाणी) : कंपनीनं १५० किलोमीटर सांगितलं, माझी गाडी ९५ला बसते. आठवड्यातून दोनदा हायवेनं बेळगावला जातो, ७५चा स्पीड धरून. तिथं चार्जिंग केल्याशिवाय परत येता येत नाही. बॅटरी खराब निघाली काय?

उत्तर : नाही हो. उदाहरणार्थ रिव्होल्ट आरव्ही ४०० ही बाइक बघा. ३.२४ किलोवॉट-तासांची तीच बॅटरी कंपनीच्याच दाव्यानुसार इको मोडमध्ये (सर्वात कमी वेगाच्या) १५०, नॉर्मलमध्ये १०० आणि स्पोर्टमध्ये (सर्वात जास्त वेगाच्या) ८० किलोमीटर देते. बॅटरी तीच, फरक फक्त वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ६०ऐवजी ७५नं गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. निपाणी ते बेळगाव साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे ६०नं गेलात तर पंधरा मिनिटं उशीर. एक चहा तेवढा.

आणखी एक गोष्ट. तुमचा जाण्याचा रस्ता चढाचा आहे. निपाणी सोडली की तवंदी घाट, पुढं वंटमुरीचा. येताना तेच उतार. त्यामुळं बेळगावात पोचल्यावर 'निम्म्याहून जास्त संपली' म्हणून घाबरू नका, परतीला कमी लागते. पण ६०नं गेलात तरी जाऊन-येऊन १५० होणार नाहीत, हे आधीच सांगतो. बेळगावात काम होईपर्यंत गाडी चार्जिंगला लावाच. आणि वारा चुकवायला उसाच्या ट्रकामागं चिकटून जाऊ नका. दोन-चार किलोमीटर वाचतील, पण ऊस अंगावर पडला तर?

प्रश्न (खानापूर) : बायकोला घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जायचं आहे. उतारावर ब्रेक लावला की बॅटरी भरते म्हणतात. मग घाट फुकटात पडेल ना?

उत्तर : फुकटात नाही पडत. उतारावर परत मिळते ती चढताना खर्च झालेल्यातली थोडीच. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असली तर तीही मिळत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. घाटाच्या माथ्यावर कुणाकडं चार्जिंगची सोय मिळाली तरी तिथं १०० टक्के करू नका.

खरा हिशेब परतीचा. गाडी आणि तुम्ही दोघं मिळून २८० किलो धरा. दर १०० मीटर चढायला मोटरमधलं नुकसान धरून साधारण ९० वॉट-तास लागतात, म्हणजे सपाटीवरच्या अडीच-तीन किलोमीटरची वीज. गोव्यातल्या साखळी गावापासून घाटमाथ्यापर्यंत ७०० मीटरच्या आसपास चढ आहे, तेव्हा अंतरात वीस किलोमीटर जास्त मोजा. साखळीतून निघताना बॅटरी भरूनच निघा. जांबोटीपर्यंत काही ना काही सोय मिळेल, या भरवशावर राहू नका.

प्रश्न (उचगाव) : रोज पहाटे दुधाचे दोन कॅन घेऊन बेळगावला जातो. वजनामुळं गाडी लवकर उतरते काय?

उत्तर : सपाट रस्त्यावर वजनाचा फरक वाटतो तेवढा नसतो. खातं ते प्रत्येक गतिरोधकाला थांबून पुन्हा जोरात मूठ पिळणं. लांबूनच मूठ सोडा, गाडी आपसूक मंद होऊ द्या.

हवा मात्र दर आठवड्याला बघा. मी स्वतः दोन महिने बघितली नव्हती. गाडी जड वाटायला लागली, तेव्हा मोटरच बिघडली म्हणून मेकॅनिककडं नेली. त्यानं अंगठ्यानं टायर दाबला, माझ्याकडं बघितलं आणि न बोलता पंप आणला. मागच्या टायरात ३३ पाहिजे तिथं २२ होती. मागचं चाक उचलून हातानंही फिरवून बघा. फिरता फिरता घासत थांबलं तर ब्रेक चिकटतोय.

प्रश्न (शहापूर) : रोज १०० टक्के चार्ज करायची का?

उत्तर : रोजचं फिरणं २०-२५ किलोमीटर असेल तर ८० टक्क्यांवर काढा. लांब जायचं असेल तेव्हाच पूर्ण भरा, तीही निघायच्या थोडं आधी. मे महिन्यात भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी करू नका. आणि घाटातून तापून आल्या आल्या चार्जर जोडू नका, अर्धा तास थांबा.