धोकादायक माणसं कायदा मानतच नाहीत, मग नवे कायदे करून काय उपयोग?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेते: ज्याला खून, बलात्कार किंवा हल्ला करायचाच आहे तो कायद्याला विचारायला येत नाही. मग प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर नवा कायदा करून सरकार काय साधतं? नियमांचा जाच होतो तो सरळ माणसालाच.

मी फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तुमच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला रोज समोर दिसतो. अटकेनंतरच्या पहिल्या भेटीत जामिनाचं बोलून झालं की आरोपी हमखास विचारतो, "मॅडम, यात किती वर्षं होतात?" म्हणजे ज्या शिक्षेच्या धाकाने तो थांबावा अशी अपेक्षा होती, ती शिक्षा किती हे त्याला गुन्हा करताना ठाऊकच नव्हतं. विधिमंडळात सातच्या जागी दहा वर्षं झाली, दहाच्या जागी जन्मठेप झाली, तरी रागाने किंवा नशेने पेटलेल्या माणसापर्यंत ती दुरुस्ती पोहोचत नाही. म्हणून "शिक्षा कडक करा, गुन्हे थांबतील" या घोषणेवर माझा विश्वास नाही. चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती होणारच ही खात्री माणसाला जास्त आवरते. त्यानंतरच्या अभ्यासांचा कौलही बहुतांशी त्याच बाजूने आहे.

ही खात्री नाहीशी झाली तर काय होतं, ते कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने ७ ऑक्टोबर १९६९ रोजी पाहिलं. पोलीस संपावर गेले. कायद्याच्या पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी त्याच दिवशी बँकांवर दरोडे पडले आणि रात्री दुकानं फुटली. लुटणाऱ्यांत सराईत गुन्हेगार होते तसे एरवी कधी कुणाच्या वाट्याला न जाणारे लोकही होते. शेवटी प्रांताने तातडीने कायदा करून पोलिसांना कामावर परत आणलं.

पण "धोकादायक माणूस कायदा मानत नाही, म्हणून कायदा निरुपयोगी" हा तुमचा पुढचा टप्पा मला मान्य नाही. त्यात असं गृहीत धरलंय की कायदा त्या माणसाशीच बोलतो. प्रत्यक्षात प्रतिबंधाचे बहुतेक कायदे त्याच्या आजूबाजूच्या माणसांशी बोलतात. शस्त्र विकणारा, रसायन पुरवणारा, परवाना देणारा, नोंद ठेवणारा कारकून, जखम तपासणारा डॉक्टर ही माणसं कायदा मानणारीच असतात. कितीही दुष्ट माणूस असला तरी त्याला कुठे ना कुठे यांच्यापैकी कुणाची तरी गरज पडतेच.

याचं सर्वात बोलकं उदाहरण मला नॉर्वेचं वाटतं. २२ जुलै २०११ रोजी आंदेर्श बेरिंग ब्रेविक याने ओस्लोतल्या सरकारी इमारतींपुढे स्फोट घडवून आठ जणांना मारलं. मग उटोया बेटावरच्या युवा शिबिरात जाऊन गोळीबार केला, त्यात ६९ जणांचा जीव गेला. इतका थंड डोक्याचा माणूस शस्त्रं कुठून मिळवेल? काळ्या बाजारातून, असंच कुणीही म्हणेल. त्यालाही तसंच वाटत होतं. २०१० मध्ये बेकायदा शस्त्रं घेण्यासाठी तो प्रागला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. गुन्हेगारी जगात त्याची ओळखदेख नव्हती. अनोळखी माणसाला हत्यार विकायला कुणी पुढे आलं नाही. त्यानंतर तो सरळ मार्गाने गेला. शिकारीच्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल घेतली, पिस्तूल क्लबात सरावाला हजेरी लावून पिस्तुलाचा परवाना मिळवला. बॉम्बसाठी खत हवं होतं म्हणून शेतीची कंपनी नोंदवली, शेत भाड्याने घेतलं आणि शेतकऱ्यासारखं खत मागवलं.

"ज्याला हवं तो काळ्या बाजारातून मिळवतोच" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की या तपशिलाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. इथे काळा बाजार त्याच्यासाठी बंद निघाला आणि कायद्याचा दरवाजा उघडा होता. धोकादायक माणसं कायदा मोडतातच असं नाही. जिथे कायदा सैल असतो तिथून ती कायदेशीरपणेच आत येतात.

त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल दिला. तो वाचताना जीव कळवळतो. सरकारी इमारतींपुढचा रस्ता वाहनांसाठी बंद करायचा, असं कित्येक वर्षांपूर्वीच ठरलं होतं. सूचना २००४ सालची होती आणि २०११ मध्येही गाड्या तिथून जातच होत्या. त्याने परदेशातून मागवलेल्या रसायनाची माहिती सीमाशुल्क विभागाकडून सुरक्षा यंत्रणेपर्यंत हल्ल्याच्या काही महिने आधीच पोहोचली होती, पण तिचा पाठपुरावा वेळेत झाला नाही. स्फोटानंतर एका नागरिकाने संशयिताचं वर्णन आणि त्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवला, तर ती चिठ्ठी टेबलावर सुमारे वीस मिनिटं पडून राहिली. जे उपाय आधीच मंजूर झाले होते ते नीट अमलात आणले असते तरी सरकारी इमारतींवरचा हल्ला टाळता आला असता, असं आयोगाने स्पष्ट लिहिलं.

नियम होता आणि तो राबवण्याचं काम कुणाच्या तरी टेबलावर अडलं, याची दुसरी हकीकत अमेरिकेतली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या वस्तीतल्या चर्चमध्ये एका माणसाने गोळीबार केला. मृतांचा आकडा २६ नोंदला गेला, त्यात एका गर्भवती स्त्रीच्या पोटातलं बाळही होतं. हा माणूस पूर्वी हवाई दलात होता. पत्नीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला २०१२ मध्ये दोषी ठरवलं होतं. अशा माणसाला बंदूक विकता येत नाही, असा कायदा तिथे आहे. पण त्याच्या बोटांचे ठसे आणि शिक्षेची नोंद मध्यवर्ती यादीत पाठवायची जबाबदारी हवाई दलाची होती आणि ती नोंद गेलीच नाही. पाठवायची संधी एकदा नव्हे, अनेकदा आली होती. दुकानदाराने नियमाप्रमाणे तपासणी केली, यादीत नाव नव्हतं, बंदूक विकली गेली.

या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने २०२१ मध्ये साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. तोवर, २०१८ मध्ये, संसदेने आणखी एक कायदा केला होता. सरकारी खात्यांनी अशा नोंदी पाठवल्याच पाहिजेत आणि पाठवल्या की नाही याचा हिशेब द्यावा, असा. वरवर पाहणारा म्हणेल, आधीचा कायदा पाळला नाही म्हणून आणखी एक कायदा, हा काय प्रकार! मला मात्र हाच योग्य प्रकारचा कायदा वाटतो. त्यात मारेकऱ्याला काही सांगितलेलंच नाही. सांगितलंय ते कार्यालयांना.

शिक्षा वाढवणं आणि वाट अडवणं यातला फरक ॲसिड हल्ल्यांच्या बाबतीत ठळक दिसतो. बांगलादेशात २००२ मध्ये दोन कायदे एकाच वेळी आले. एकाने ॲसिडची आयात, साठवण आणि विक्री परवान्याखाली आणली, दुसऱ्याने तपास आणि खटल्याला मुदत घालून वेगळी न्यायाधिकरणं नेमली. सोबत वृत्तपत्रांनी आणि संस्थांनी मोठी मोहीम चालवली. त्या वर्षी जवळपास पाचशे हल्ल्यांची नोंद होती. दहा वर्षांत ती शंभराच्या खाली आली. सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही, मोहिमेचा वाटा मोठाच होता. पण ॲसिड फेकणारा पुरुष त्या दहा वर्षांत मनाने बदलला, असं म्हणायलाही आधार नाही. भारतात २०१३ मध्ये दंडसंहितेत वेगळं कलम आलं, किमान दहा वर्षं आणि कमाल जन्मठेप. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं की ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि वहीत नोंद केल्याशिवाय ॲसिड विकायचं नाही. तरी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर फेकलेलं ॲसिड ऑनलाइन मागवलेलं होतं, असं तपासात पुढे आलं. शिक्षा कागदावर वाढली, पण विक्रीची एक अख्खी वाट तशीच मोकळी राहिली होती.

"एक वाट बंद केली तर तो दुसरी शोधेल" हा यावरचा नेहमीचा आक्षेप. काही जण शोधतात. पण किती जण शोधतात हे तपासून पाहता येतं. पश्चिम जर्मनीत मोटरसायकलवर हेल्मेट न घालणाऱ्याला १९८० पासून जागेवर दंड होऊ लागला. हेतू फक्त अपघातातले मृत्यू कमी करण्याचा होता. मात्र मोटरसायकलींच्या चोऱ्या वर्षाला सुमारे दीड लाखांवरून १९८६ पर्यंत साधारण ५४ हजारांवर आल्या, कारण बिनहेल्मेटचा चोर पहिल्याच चौकात नजरेत भरू लागला. मोटारींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे एक वाट अडल्यावर बहुतेकांनी दुसरी धरलीच नाही. हे चोर होते, खुनी नव्हते, हे मला मान्य आहे. पण माझ्या अशिलांकडे पाहून सांगते, गंभीर गुन्ह्यांतसुद्धा वर्षभर बेत आखणारा ब्रेविक अपवाद असतो. बहुतेक गुन्हे हाताशी जे आहे त्याने आणि त्या क्षणी होतात. भांडणाच्या वेळी घरात पिस्तूल होतं की नव्हतं, यावरच ते प्रकरण मारहाणीचं होणार की खुनाचं, हे ठरतं.

कायदा कुठे हरतो तेही सांगायला हवं. ज्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात तिथे तो फार टिकत नाही. अमेरिकेतली १९२० ते १९३३ ची दारूबंदी हे त्याचं ठळक उदाहरण. तक्रार करायला कुणी पुढे येतच नाही आणि टोळ्यांना आयता धंदा मिळतो. जो मरायला तयार होऊन निघालाय त्याच्यावरही शिक्षेचा परिणाम शून्य. तिथे फक्त साधनं आणि वेळेवर मिळालेली खबर कामी येते.

आता तुमचा दुसरा मुद्दा, सरळ माणसाला होणाऱ्या जाचाचा. तो मी हलका समजत नाही. खरोखरच्या शेतकऱ्याला खत घेताना चार कागद जास्त भरावे लागतात आणि त्याने काहीही वाईट केलेलं नसतं. म्हणून नियम करताना या जाचाचा हिशेब मांडलाच पाहिजे. दहा मिनिटांची नोंद आणि त्याबदल्यात संशयास्पद खरेदी दिसण्याची सोय, हा सौदा मला पटतो. ज्या नोंदवह्या कुणी कधी उघडून पाहणारच नाही त्या भरायला लावणं मला पटत नाही. नवा कायदा जाहीर झाला की मी आधी शिक्षेचं कलम वाचत नाही. कोणत्या माणसाने कोणतं काम किती दिवसांत करायचं, त्यासाठी माणसं आणि पैसा दिलाय का, आणि ते केलं नाही तर विचारणारं कोण, एवढं पाहते. ही उत्तरं नसतील तर तो कायदा लोकांचा राग शांत करण्यापुरता आहे असं समजायला माझी हरकत नाही.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते. "धोकादायक माणसं" हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण गुन्हा घडण्याआधी माणसाच्या कपाळावर ते लिहिलेलं नसतं. काहीही न केलेल्या माणसाला केवळ संशयावरून, आरोप न सांगता, महिनोन्‌महिने डांबून ठेवणारे कायदे प्रतिबंधाच्याच नावाने येतात. त्यांत सापडलेले लोक मी पाहिले आहेत, सुटून आल्यावर त्यांची नोकरी आणि घर जागेवर नव्हतं. वस्तूवर, विक्रीवर, परवान्यावर घातलेलं बंधन चुकलं तर नुकसान भरून काढता येतं. माणसाला कोंडण्यात चूक झाली तर ती वर्षं परत देता येत नाहीत.

तरीही ज्याने घरात आधीच हात उगारला आहे, ज्याने उघड धमकी दिली आहे, त्याच्या बाबतीत थांबून राहा असं मी म्हणणार नाही. काही देशांत न्यायालय अशा माणसाकडची शस्त्रं ठराविक मुदतीपुरती काढून घेण्याचा आदेश देतं. तातडीचा आदेश झाला तरी काही दिवसांत त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि मुदत वाढवायची तर न्यायाधीशाला नव्याने कारण लिहावं लागतं. आरोपीची वकील म्हणूनही असा आदेश मला मान्य आहे. त्याच्या विरोधात उभं राहायची वेळ आली तर मी पुरावा मागेन, मुदत कमी करायला सांगेन, पण असा अधिकार न्यायालयाला नसावाच, असा युक्तिवाद मी करणार नाही.