पुण्याला जा, पण भाड्याने जा

मिरजेत काम करणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या ३४ वर्षांच्या, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, हातात महिना ३८ हजार. त्यांची जोडीदार ३१ वर्षांची, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते, तिला ६२ हजार मिळतात. सांगलीच्या विश्रामबागेत ११ हजार भाड्याने राहतात, घरमालकांना आणि शेजारीपाजारी 'आम्ही मावसबहिणी' असं सांगून. दोघींना मूल हवं आहे. त्या लिहितात, "पोट दिसायला लागल्यावर इथे काय सांगायचं? म्हणून पुण्याजवळ जरा मोकळं उपनगर शोधलं. वाघोलीत ५८ लाखांचा टूबीएचके पाहिलाय, बांधकाम चालू आहे. ५१ हजार टोकन दिलंय, महिनाअखेर दहा टक्के भरा म्हणतात. आमची मिळून शिल्लक १४ लाख. कमी पडले तर आई पाटल्या आणि गोठ मोडून देते म्हणाली. घेऊ का?"

ताई, पत्रात दोन निर्णय एकात एक गुंतले आहेत, ते आधी सोडवते. सांगली सोडून पुण्याकडे जायचं हा एक, आणि तिथे लगेच घर विकत घ्यायचं हा दुसरा. पहिला मला पटतो. ज्या घरात रोज खोटं नातं सांगावं लागतं, तिथे बाळंतपण करू नये. मात्र दुसरा निर्णय या महिन्यात घेऊ नका.

आधी रोख रकमेचं बघू. बँकेने ४६ लाखांचं कर्ज दिलं असं धरलं, तर १२ लाख तुमच्या खिशातून. वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे, तिथे मुद्रांक शुल्क ७ टक्के. सगळ्या खरेदीदार स्त्रिया असतील तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे तुम्हा दोघींना ६ टक्के, ३ लाख ४८ हजार. या सवलतीने तुमचे ५८ हजार वाचतात, हे नक्की मागून घ्या. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने आणि किंमत ४५ लाखांच्या वर असल्याने ५ टक्के जीएसटी, २ लाख ९० हजार. बेरीज १८ लाख ६८ हजार. ओटा, पंखे, पडदे यात नाहीत. शिल्लक १४ लाख. म्हणजे आईच्या पाटल्या घर सजवायला नाही, नुसता दरवाजा उघडायलाच लागणार.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४६ लाखांचा हप्ता साधारण ३९,९०० येतो. आज दोघींचे मिळून एक लाख येतात म्हणून तो झेपेलसा वाटतो. पण मिरजेची नोकरी सोडून तुम्ही पुण्यात जाणार, तिथली नोकरी अजून हातात नाही. त्यातून बाळ झाल्यावर काही महिने तुम्ही घरी राहिलात, तर घर ६२ हजारांवर चालवायचं. हप्ता आणि सोसायटीचा तीनेक हजार मेंटेनन्स गेला की उरतात १९ हजार. त्यात तीन माणसांचं खाणं, दूध, डॉक्टर, लसी. तुम्हीच लिहिलंय की तसाच फ्लॅट वाघोलीत १९ हजार भाड्याने मिळतो. दोन्हींतला फरक महिन्याला जवळजवळ २४ हजारांचा आहे, आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत याच २४ हजारांची तुम्हाला सगळ्यात जास्त गरज लागेल.

तुमच्यासारख्या जोडप्याला मी रोख रकमेबद्दल इतर कुणापेक्षा जास्त सावध का करते, तेही सांगते. नवरा-बायकोच्या संसाराला कायद्याचे कितीतरी टेकू आपोआप मिळतात. वारसा, करातली सूट, मुलावरचा हक्क, यांसाठी त्यांना फारसं काही करावं लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मान्य झाला नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी तुम्ही दोघी एकमेकींच्या कुणी नाही. जे टेकू आपोआप मिळत नाहीत, ते कागद करून आणि पैसा हाताशी ठेवून उभे करावे लागतात. सगळा पैसा भिंतींत घातला की कागदांना आणि अडीअडचणीला काही उरत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका घर घेतानाच बसू शकतो. जोडीदाराचा पगार जास्त, म्हणून कर्ज आणि घर तिच्या एकटीच्या नावावर आणि तुमचे पाच लाख तिच्या खात्यात, असा विचार तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलाय. तो कृपा करून सोडा. एक तर, वर्षात ५० हजारांच्या वर भेट नातेवाईक नसलेल्या माणसाकडून मिळाली तर पूर्ण रकमेवर कर लागतो, आणि कायद्याच्या नातेवाईकांच्या यादीत नवरा-बायको आहेत, तुम्ही नाही. या तरतुदीला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने आव्हान दिलंय, पण त्यावर विसंबून आज व्यवहार करू नका. दुसरं जास्त गंभीर आहे. उद्या जोडीदाराचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घर तिच्या माहेरच्यांकडे जाईल आणि तुमच्या हातात बँकेचं पासबुक राहील. म्हणून घर जेव्हा केव्हा घ्याल तेव्हा जिचे पैसे तिच्या खात्यातून थेट बिल्डरला जावेत आणि खरेदीखतात दोघींची नावं हिश्शासह लिहिलेली असावीत, ६०-४० असेल तर ६०-४०. काही बँका नातं नसलेल्या दोघांना एकत्र गृहकर्ज द्यायला कुरकुरतात. अशा वेळी बँक बदला, खरेदीखतातलं नाव कमी करू नका.

मुलाचं. पत्रात तुम्ही दत्तक आणि उपचार असे दोन्ही पर्याय लिहिलेत. दत्तकाचे नियम जोडपं म्हटलं की दोन वर्षांचा स्थिर विवाह मागतात. एकट्या स्त्रीला दत्तक घेता येतं, पण लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या अर्जदारांची एकटे म्हणून नोंदणी होऊ नये असं केंद्रीय दत्तक यंत्रणेचं २०२२ चं परिपत्रक आहे. गृहभेटीत खोटं बोलून मूल घरी आणायचं आणि पुढे आयुष्यभर धास्ती बाळगायची, हा सल्ला मी देणार नाही. सरोगसीची वाटही कायद्याने तुम्हाला बंद आहे. उपचारांचं तसं नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने २१ ते ५० वयाच्या स्त्रीला, लग्न झालेलं असो वा नसो, नोंदणीकृत क्लिनिकमध्ये दात्याच्या मदतीने उपचार घेता येतात. जन्मदाखल्यावर आईचं एकटीचं नाव लागू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच ते स्पष्ट केलंय. वय ३४ आहे, तेव्हा घरासाठी दोन-तीन वर्षं थांबता येईल, उपचारांसाठी तेवढं थांबू नका.

आणि इथेच तुमची नोकरी महत्त्वाची ठरते. २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा लग्नाचा दाखला मागत नाही. फक्त बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत ८० दिवस काम झालेलं हवं. तुमच्या ३८ हजारांच्या हिशोबाने ही रजा सव्वादोन लाखांहून जास्त किमतीची आहे. म्हणून आधी पुण्यात लॅबची नोकरी, तिथे बस्तान, मग उपचार. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या लॅबला हा कायदा लागू होत नसतो, तेव्हा हजार-दोन हजार कमी मिळाले तरी मोठं हॉस्पिटल धरा.

यातून उपनगराचा प्रश्नही सुटतो. जोडीदाराचं काम घरून आहे, तिला वाघोली काय आणि हडपसर काय. रोज ये-जा तुम्हाला करायची, तीही गरोदरपणात. नोकरी ठरल्यावर कामाच्या जागेपासून अर्ध्या तासाच्या आत घर बघा. मोकळेपणा जाहिरातीच्या कागदावरून कळत नाही, राहून कळतो, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार नेमका त्यासाठी उपयोगी आहे. एजंटला आणि मालकांना पहिल्याच भेटीत खरं सांगा, करारावर दोघींची नावं घाला. जो मालक सरळ हो म्हणेल त्याला महिना हजारभर जास्त गेले तरी चालतील, हा खर्च मी तुमच्या अंदाजपत्रकात आनंदाने लिहीन. त्या वर्षात बालरोगतज्ज्ञ गाठा, दोन बालवाड्यांत जाऊन प्रवेश अर्जावर वडिलांच्या नावाच्या रकान्याचं काय करतात ते विचारा, सोसायटीच्या गणपतीत दोघी मिळून आरतीला उभ्या राहा. पुण्यात समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या, २००२ मध्ये सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्था शोधा, तिथे ओळख करून घ्या. तिथल्या लोकांना कुठल्या भागात घर मिळालं, कुठे नाकारलं, ही माहिती कुठल्याही ब्रोकरपेक्षा खरी असेल. सांगलीत लैंगिक हक्कांवर काम करणारी संग्राम संस्थाही आहेच, निघण्याआधी तिथे जरूर जाऊन या.

सांगलीच्या शामरावनगरातल्या स्वस्त फ्लॅटबद्दलही तुम्ही विचारलंय, गुंतवणूक म्हणून. नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची आहे, आणि त्या भागात पाणी किती दिवस बसून होतं ते तुम्ही सांगलीकर म्हणून पाहिलंच आहे.

तर १४ लाखांची वाटणी अशी करा. चार लाख अडीअडचणीसाठी, सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके, मोडायला सोप्या ठेवीत. पाच लाख उपचार आणि बाळंतपणासाठी. आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचाराची, एक फेरी दीड ते अडीच लाखांपर्यंत जाते आणि पहिल्याच फेरीत यश येईल असं धरून चालू नये. एक लाख डिपॉझिट आणि सामान हलवायला. उरलेल्या चार लाखांना हात लावू नका, ते पुढच्या घराचं बी.

कागद मात्र पुण्याला जाण्याआधी, इथेच करा. दोघींची स्वतंत्र मृत्युपत्रं, दोन साक्षीदारांसह. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, कारण आव्हान देणारे घरचेच असतील. बँकेत, विम्यात नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी बहुतेक वेळा नुसता पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक मृत्युपत्राने ठरतो. संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. बँकेतला साहेब नाही म्हणाला तर ही तारीख सांगा. पीएफचं वेगळं आहे: कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरचं नामांकन चालत नाही, त्यामुळे आज तुम्ही जोडीदाराचं नाव लावलं असेल तर बाळ झाल्यावर ते रद्द ठरेल आणि नव्याने भरावं लागेल. बाळ झालं की मृत्युपत्रात एक कलम वाढवा, माझ्या पश्चात मुलाची पालक माझी जोडीदार. शेवटचा शब्द न्यायालयाचा असतो, पण आईने स्वतः लिहून ठेवलेली इच्छा तिथे मोलाची ठरते. जोडीदाराने एक कोटीचा टर्म विमा आत्ताच घ्यावा, आणि तिच्या मृत्युपत्रात त्या पैशांचा उल्लेख हवा.

बिल्डरला याच आठवड्यात ईमेल करा की आम्ही पुढे जात नाही, ५१ हजार परत करा. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेताच येत नाही, तेव्हा 'आणखी भरा, मग बघू' असं म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. टोकनातले काही हजार बुडाले तरी चालतील.

आणि आईच्या पाटल्या. त्यांनी दिलेल्या भेटीवर कर नाही, घ्यायला अडचण काहीच नाही. तरीही मोडू नका. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की आईला सगळं ठाऊक आहे आणि बाळंतपणाला सहा महिने त्या पुण्यात येऊन राहायला तयार आहेत. म्हणून भाड्याचं घर बघताना वन बीएचके बघू नका, टूबीएचकेच बघा. लिफ्ट चालू आहे ना, जवळ भाजी आणि देऊळ आहे ना, हे त्यांना सोबत नेऊन त्यांनाच बघू द्या.