रोज योगासनं करते, तरी मन शांत का होत नाही?

"मॅडम, रोज योगा करते, पण मनाला काही फरकच नाही." जळगावच्या माझ्या केबिनमध्ये मनाचं दुखणं घेऊन येणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने 'योगा' शब्द काढला की पुढचं मला कळतंच. कोणी भुसावळहून येतं, कोणी चोपड्याहून, 21 जूनच्या योग दिनाला उत्साहाने सुरू केलेलं असतं, दिवाळीपर्यंत अंग हलकं होतं, कंबर मोकळी होते, पण डोक्यातली कालवाकालव तशीच, आणि मग माणूस स्वतःलाच दोष द्यायला लागतो की सगळ्यांना जमतं मग मलाच का नाही. म्हणून एका ताईंचं सांगते, त्यांना विचारूनच, ओळख पटणार नाही एवढं बदलून.

ताई रावेर-यावल पट्ट्यातल्या, वय पंचेचाळीसच्या पुढे, घरची केळीची बाग. मोबाईलवर बघून चार महिने रोज पहाटे 24 सूर्यनमस्कार, मग सर्वांगासन, मग शवासन. तरी रात्री दोन-अडीचला जाग यायची, छातीत धडधड व्हायची आणि दिवसभर सुनेवर चिडचिड. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "मना जीव लागत नही कशातच. माझ्यातच काही खोट आहे का मॅडम?"

मी विचारलं, "सूर्यनमस्कार करताना श्वास कसा असतो?"

"श्वासाकडे कोण बघतं, आकडा चुकतो ना मग."

माझं मत पहिल्यापासून हेच आहे की मनाचं दुखणं आधी अंगात दिसतं, तोंडातून फार उशिरा येतं. म्हणून दुसऱ्या भेटीत मी बोलणं कमी केलं, सतरंजी अंथरली आणि म्हटलं, जसं घरी करता तसं शवासन करून दाखवा. ताई झोपल्या, डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटलं असतं की किती शांत पडल्यात. पण दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या होत्या, तेही अंगठे आत घेऊन, हिरव्या बांगड्या मनगटावर ताणून बसलेल्या, दातावर दात आवळलेले, आणि पंखा जरा कुरकुरला की पापणी हलायची. मी हळूच म्हटलं, "ताई, मुठी बघा." त्यांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "डोळे मिटले ना, की पानं ऐकू येतात."

कोणती पानं? तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री वादळ आलं, निसवलेली बाग, घड भरलेले, कटाई पंधरा दिवसांवर, आणि तासाभरात सगळी खोडं आडवी. केळीचं मूळ उथळ, पान मोठं, त्यात घडाचं वजन, वाऱ्यापुढे ती टिकत नाही हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्या रात्री ताई ओट्यावर उभ्या राहून पानं फाटल्याचा आवाज ऐकत होत्या, अंधारात दिसत काहीच नव्हतं. सकाळी घरातल्या सगळ्यांना धीर दिला, चहा केला, रडल्या मात्र नाहीत. ते रडणं त्या दिवशी माझ्या सतरंजीवर झालं, अर्धा तास, आणि मी मध्ये एक शब्द बोलले नाही. खरं सांगते, इतक्या वर्षांच्या कामात अशा अर्ध्या तासांसाठीच मी हे काम करत आलेय.

नंतर मी एवढंच म्हटलं, "ताई, खोट काही नाही तुमच्यात. तुमचं अंग अजून राखणीला बसलंय. राखणीला बसलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगितलं तर तो जास्तच कान देणार ना?"

हे मलाही त्याच दिवशी लख्ख कळलं. आपण आसनं पण राबल्यासारखी करतो, आकडा गाठायचा, घाम काढायचा. पतंजलींच्या योगसूत्रात आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, पहिल्यात स्थिर आणि सुखाचं ते आसन असं म्हटलंय आणि लगेच दुसऱ्यात प्रयत्न सैल सोडायला सांगितलंय, आणि हे सैल सोडणंच आपण गाळून टाकतो.

मग आम्ही सगळं बदललं. सर्वांगासन बंद, कारण ताईंचं बीपी वाढलेलं होतं आणि अशा वेळी डोकं खाली पाय वर करायचं नसतं. 24 च्या जागी 4 सूर्यनमस्कार, पण बाराही स्थितींमध्ये श्वासासोबत, श्वास अडला तर थांबायचं. मग ताडासन आणि त्रिकोणासन, यात पाय, कंबर, बरगड्या मोकळ्या होतात, मार्जारासन आणि भुजंगासन पाठीसाठी, पवनमुक्तासन पोटासाठी, सेतुबंधासन मांड्या आणि छातीसाठी. झालं की सगळं अंग, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पोट रिकामं हवं, जेवून तीन-चार तास झालेले हवेत. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा सहाच्या आत उरकायचं, नाहीतर सरळ रात्री गच्चीवर. मणक्याचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

शवासन मात्र डोळे उघडे ठेवून. आधी मुठी मुद्दाम घट्ट आवळायच्या, पाच आकडे मोजायचे आणि सोडायच्या, मग खांदे, मग जबडा. श्वास चार आकड्यांत आत, सहा ते आठ आकड्यांत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, त्याला मनाची परवानगी लागत नाही. विचार आले तर येऊ द्या, हाकलायला जाऊ नका, फक्त हात उघडे आहेत ना ते बघा. डोळे मिटावेसे वाटतील तेव्हा मिटा. ताईंना तीन आठवडे लागले.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. दोन आठवड्यांच्या वर झोप उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर आसनांवर भागवू नका, मानसोपचार डॉक्टरांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा मे अखेरीला वारं सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. रात्री दोनला जाग आली, धडधड झाली, ओट्यावर गेल्या, पानं ऐकली. "हे बॅटरी घेऊन बागेत गेले. मी जोत्यावर बसले, दहा लांब श्वास सोडले आणि आत येऊन आडवी झाले." झोप लागली का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लगेच नाही लागली, पण मुठी उघड्या होत्या मॅडम, मी दोनदा बघितलं."