कृषी सल्ला : ठाणे-नवी मुंबईत घरचं अंजीर

वाशीच्या फळबाजारात पुरंदरचं अंजीर उतरायला लागलं की माझ्याकडे एकच विचारणा सुरू होते, हे आपल्या गॅलरीत येईल का? येतं. फक्त हे झाड कमी पावसाच्या, कोरड्या हवेच्या मुलखातलं आहे. सासवडकडच्या हवेत ते रमतं. आपल्याकडे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यामुळे इथे अंजीर लावणाऱ्याची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतो.

घोडबंदर रोडहून एक ताई विचारतात : मैत्रिणीकडून आणलेल्या फांद्या कुंडीत खोचल्या. बारा दिवसांत छान पानं फुटली, पण महिन्याभरात सगळ्या वाळल्या. काय चुकलं?

ताई, पानं आली म्हणजे मुळं आली असं नाही. फांदीत साठलेल्या अन्नावर आधी पानं फुटतात, मुळं मागाहून येतात. नेमक्या याच दिवसांत आपण कुंडी उन्हात नेतो, नाहीतर मूळ धरलंय का म्हणून फांदी उपटून पाहतो. (कॉलेजात असताना मीही हे उद्योग केले आहेत.)

जानेवारी-फेब्रुवारीत, झाड विश्रांतीत असताना, गेल्या हंगामातली पिकलेली फांदी घ्या. साल करडी झालेली हवी, हिरवी कोवळी नको. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, चार ते सहा डोळ्यांची (डोळा म्हणजे नवी फूट जिथून येते ती जागा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या आणि वरचा तिरका. म्हणजे पाणी साचत नाही आणि लावताना उलटसुलटही होत नाही. चीक धुऊन फांद्या दोन तास सावलीत ठेवा. जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. यात शेणखत अजिबात नको, बूड कुजतं. वर एक-दोन डोळे ठेवून बाकी फांदी आत जाऊ द्या.

उपटून पाहण्याचा मोह टाळायला एक सोपी युक्ती आहे. लस्सीच्या पारदर्शक प्लास्टिक ग्लासला तळाशी भोकं पाडून त्यात फांदी लावा आणि तो ग्लास एखाद्या रंगीत ग्लासात ठेवा, म्हणजे मुळांना अंधार मिळतो. पाच-सहा आठवड्यांनी आतला ग्लास उचलून बघा. पांढरी मुळं कडेने फिरलेली दिसली तरच मोठ्या कुंडीत हलवा.

जून-जुलैत मात्र गुटी कलम करा, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडा. आपली दमट हवा तिथे कामाला येते. अंगठ्याएवढ्या फांदीवरची इंचभर साल गोल काढायची, चीक पुसायचा, ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लास्टिक बांधायचं.

ऐरोलीचे काका : सुक्या अंजिराच्या बिया पेरल्या. रोपं चार फूट झाली. फळ कधी?

काका, आशा कमीच धरा. बाहेरून येणारं बरंचसं सुकं अंजीर स्मर्ना गटातलं असतं. त्याच्या फुलांचं परागीभवन एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी करते आणि ती आपल्याकडे नाही. बियांच्या रोपांत नर झाडंही निघतात. बाजारातल्या ताज्या पूना अंजिराला परागीभवन लागतच नाही, पण म्हणूनच त्याच्या बिया पोकळ असतात, पेरून उगवत नाहीत. जातिवंत कलम किंवा मुळं धरलेली फांदी घ्या आणि निम्म्या कापलेल्या ड्रममध्ये लावा. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला भरपूर भोकं हवीतच.

नेरुळहून : पावसाळ्यात पानांच्या मागे तपकिरी भुकटी धरते, पानं गळतात. फळं आली तरी पाणचट.

हा तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग. बोट फिरवलं की रंग बोटाला लागतो. गळलेली पानं गोळा करून टाका, कुंडीतच कुजवू नका. कुंडी पत्र्याखाली सरकवा. पावसाने उघडीप दिली की एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारा. लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र ओता. त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. फळं पिकत आली असतील तर फवारू नका.

चवीचं म्हणाल, तर पावसाळ्यातल्या बहाराला शेतकरी उगीच खट्टा बहार म्हणत नाहीत. ती फळं लहान असतानाच खुडून टाका. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात फांद्या छाटा, खत-पाणी द्या आणि उन्हाळ्यातला मीठा बहार धरा.

कोपरीहून : बुलबुल खातात म्हणून फळं आधीच तोडून तांदळाच्या डब्यात पिकत घालतो. गोड होत नाहीत.

होणारही नाहीत. अंजीर म्हणजे आंबा नव्हे, तोडल्यावर त्यात गोडी भरत नाही. फळाची मान वाकून ते खाली लोंबलं आणि हाताला मऊ लागलं की मगच तोडा. तोवर प्रत्येक फळाला मलमलीची छोटी पिशवी बांधा. देठासकट काढा आणि आधी हाताला खोबरेल लावा, फणस कापताना लावतो तसं. चिकाने खाज सुटते.