कानाच्या मशीनला रबरी टोपी की मापाचा मोल्ड?

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, जन्मभर मासेमारी केली. गणपतीच्या आधी त्यांना कानाचं मशीन घेतलं. त्याची बारीक तार कानात जाते, टोकाला छिद्रांची रबरी टोपी आहे. जेवायला बसले की शिट्टी वाजते आणि टोपी सुटून बाहेर येते. आता मापाचा मोल्ड, म्हणजे कानाच्या आकाराचा खास बनवलेला तुकडा, करा म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. शेजारच्या काकांचं तर टोपीवरच छान चाललंय. मोल्ड खरंच लागतो का? ऑडिओग्रामचा (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा) फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, शेजारच्या काकांचं सोडा. त्यांना बहुधा जाड आवाज नीट येत असतील, फक्त बारीक आवाज गेले असतील. अशा कानाला छिद्रांची टोपीच बरी. मोल्डने कान बंद झाला, तर स्वतःचंच बोलणं हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं.

तुमच्या सासऱ्यांना २५० आणि ५०० हर्ट्झवरच, म्हणजे जाड आवाजसुद्धा ऐकू यायला ५५-६० डेसिबल इतके मोठे लागताहेत, ४००० वर, म्हणजे बारीक आवाजांना, ८०. एवढा मोठा केलेला आवाज छिद्रांतून बाहेर निसटतो, मशीनच्या माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. चावताना जबडा हलतो, कानाची नळीही आकार बदलते, म्हणून ती जेवतानाच जास्त. आधी बिनछिद्राची, दुहेरी कडांची टोपी योग्य मापात लावून बघा, खर्च किरकोळ आहे. पण हा आलेख बघता मोल्ड लागेलच, असं माझं मत.

दुसरं कारण बोटांचं. जन्मभर जाळी ओढलेल्या बोटांना ती इवलीशी टोपी धड चिमटीत येत नाही. कडक अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड हातात धरता येतो, टोचला तर घासून देता येतो. मऊ सिलिकॉनचा कानात घट्ट बसतो, पण घालताना वाकतो. मी अ‍ॅक्रिलिक सांगेन, हवेसाठी बारीक भोक ठेवून.

माप घेताना आधी कानात दिवा टाकून बघतात, मळ असेल तर काढतात, आत दोरा बांधलेला स्पंजचा बोळा ठेवतात आणि मग लगदा भरतात. पाचेक मिनिटांत तो घट्ट होतो. तेवढ्यात सासऱ्यांना जबडा हलवायला सांगा, नाहीतर मोल्ड जेवताना पुन्हा सैल होईल. पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशी फार. कान वाहत किंवा खाजत असेल तर माप नंतर, आधी कान-नाक-घसा डॉक्टर.

तुमच्या मशीनचा स्पीकर मोल्डच्या आतच बसणार, म्हणून तो पाण्याने धुवायचा नाही. कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. तांदळात मुळीच नको, त्याची भुकटी आत जाते.

पैसे देण्याआधी एक विचारून घ्या : मोल्ड सैल झाला किंवा टोचला, तर नवा त्याच पैशात करून देणार का? पावतीवर लिहून घ्या.