मोटरवाली सायकल आणि बुडाची तक्रार

मागच्या अंकात मी गिअरच्या तारेबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी इलेक्ट्रिक सायकलीवर. त्यांतली चार इथे घेते. पहिल्या उत्तरात जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीच्या तिघांच्या उत्तराचा बराचसा भाग त्यातच आहे.

प्रश्न : वीस वर्षं साधी सायकल चालवली, बुडाची कधी तक्रार नव्हती. चार महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली तर वीस मिनिटांतच बसवत नाही. आधी जेलचं कव्हर चढवलं, मग स्प्रिंगची रुंद, मऊ सीट बसवली. आता पहिली दहा मिनिटं मजेत जातात आणि पुढचं आधीपेक्षा वाईट. जांघेत मुंग्या येतात. वय झालं म्हणायचं का?

उत्तर : वयाला बोल लावू नका. तुमच्या पायांवरचा भार मोटरने उचलला आणि तो बुडावर जाऊन बसला, इतकाच हा मामला आहे.

साध्या सायकलीवर आपण पायडल दाबतो तेव्हा त्या दाबाने अंग दर फेऱ्याला जरासं वर उचललं जातं. चढावर तर आपण उभेच राहतो. म्हणजे सीटवर आपण पुरते बसलेले नसतोच, टेकलेले असतो. मोटर आली की पाय नुसते फिरतात, चढावर उठायची गरज उरत नाही, आणि माणूस खुर्चीत बसावा तसा ऐसपैस बसतो. ही खुर्ची खड्ड्यांतून धावते, ते वेगळंच.

मला हे उमगायला वर्ष गेलं. मीही तुमच्यासारखी मऊच्या मागे लागले होते. दुकानातली सगळ्यांत रुंद सीट उचलली, २६ सेंटिमीटरची. अंगठा दाबला की पेरभर आत जायचा. शेजारीण म्हणाली, अगं हा तर सोफाच. दहाव्या किलोमीटरला त्याच सोफ्यावरून उतरून मी सायकल हातात धरून चालत होते, मांड्यांच्या आतल्या बाजू सोलवटलेल्या. मऊ सीटमध्ये आपली हाडं रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. जिथे दाब पडायला नको नेमका तिथे तो पडतो, तिथून जाणारी नस चेपली जाते आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या की थांबायचं, उतरायचं. उतरल्यावरही बधिरपणा रेंगाळत असेल तर सीटचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आता पाना हातात घेण्याआधी हाडं मोजा. कडक फरशीवर मांडी घालून बसलं की बुडाखाली जी दोन हाडं टोचतात, तीच. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, सायकलवर बसता तितकंच पुढे वाकून त्यावर बसा आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून स्वतःला खाली ओढा. उठलात की पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून घासा, खळगे कोरे राहतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. माझं अंतर १३ सेंटिमीटर भरलं. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची मागची रुंदी साधारण कळते. हँडल उंच असून पाठ ताठ राहत असेल तर तीन-चार मिळवा. मी साडेसोळाची घेतली. हाताला कडक लागते, मधोमध लांबट खाच आहे. बायकांचं हे अंतर सरासरीने जास्त असतं म्हणतात, म्हणून ‘लेडीज’ सीट वेगळी मिळते. पण तिच्यावर डोळे झाकून जाऊ नका. माझ्या भाच्याचं अंतर माझ्यापेक्षा एक सेंटिमीटरने जास्त निघालं.

नव्या कडक सीटवर पहिले काही दिवस त्या दोन हाडांना ठणका लागतो. तो सवयीने जातो. मधल्या भागातल्या मुंग्या मात्र सवयीने जात नाहीत, त्या आल्या तर सीट चुकली किंवा लावताना चुकली.

लावण्यात सगळ्यांत जास्त चुकते ती उंची. इलेक्ट्रिक सायकल पंचवीसेक किलोची, पडायची भीती वाटते, म्हणून थांबल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकावेत अशी सीट आपण खाली उतरवतो. पैज लावून सांगते, तुमचीही उतरलेली असणार. सीट खाली गेली की गुडघे वर येतात, पायांना दाब द्यायला जागाच राहत नाही आणि उरलासुरला भारही बुडाच्या वाट्याला. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. नेहमीप्रमाणे चवडा ठेवलात की तोच गुडघा जरासा वाकलेला राहील. आज आहे तिथून एकदम चार सेंटिमीटर चढवू नका, दर आठवड्याला एक पुरे. थांबतानाची सवयही बदलावी लागेल: ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा. थांबल्यावर दुसऱ्या पायाने पायडल उगाच दाबू नका, काही सायकली तेवढ्यावरच झेपावतात.

सीटचं नाक सपाट असू द्या. सीटच्या लांबीवर फूटपट्टी ठेवून वर मोबाइलमधलं लेव्हल धरलं की कळतं. नाक वर गेलं की मुंग्या, फार खाली गेलं की आपण घसरत पुढे येतो आणि मनगटं भरून येतात. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे चालेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

एवढं झालं की मोटरच्या मदतीची पातळी खाली आणून बघा. मी १२ किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर एक दिवस चौथ्या पातळीवर गेले, दुसऱ्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी पाय दमले, बूड गप्प होतं. दर दहा मिनिटांनी पायडलवर उभं राहून चार-पाच फेऱ्या मारायच्या, हेही तितकंच महत्त्वाचं.

जीन्स घालून जात असाल तर तिच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा कुठे येते ते आठवा. कधीकधी सीट बिचारी निर्दोष असते.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर, वाटेत एक दमदार चढ. वय ५३, गुडघे कुरकुरतात. एक दुकानदार म्हणतो चाकातली मोटर घ्या, दुसरा म्हणतो मधली. बॅटरी ७० किलोमीटर जाते यावर मात्र दोघांचं एकमत. काय घेऊ?

उत्तर : मोटर कुठे बसवली आहे याच्या आधी सेन्सर कोणता आहे ते विचारा. चाकात मोटर बसवायची कल्पना जुनीच आहे, अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकातल्या मोटरचं पेटंट १८९५ च्या ३१ डिसेंबरला मिळालं होतं. पायांचा जोर ओळखून त्या मानाने मदत करणारी सायकल मात्र यामाहाने १९९३ मध्ये बाजारात आणली, आणि माझ्या मते फरक पडला तो तिथे. स्वस्त सायकलींत बहुधा कॅडन्स सेन्सर असतो. पायडल फिरतंय की नाही एवढंच तो बघतो. फिरलं की मोटर सुरू, थांबलं की बंद, मध्ये जरा उशीर. टॉर्क सेन्सर तुम्ही किती दाबताय ते मोजतो. कॅडन्सवाल्या सायकलीवर माणूस लवकरच पाय नुसते फिरवत बसायला शिकतो, आणि मग वरचं पत्र लिहितो. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही टॉर्कवालीच मानवेल, झटके कमी.

मधली मोटर पायडलांपाशी बसते आणि सायकलीच्या गिअरमधूनच जोर लावते, म्हणून उभ्या चढावर तिला तोड नाही. त्याची किंमत चेन आणि मागची चक्रं मोजतात, ती लवकर झिजतात. चाकातली मोटर साधी, कमी कटकटीची, पण लांब चढावर वेग पडला की तापते, आणि मागचं चाक पंक्चर झालं की वायर सोडवा, मोठा पाना शोधा, वॉशर कोणत्या बाजूचा ते लक्षात ठेवा. तुमचा ‘दमदार’ चढ किती दमदार ते पत्रातून कळत नाही. साधी सायकल घेऊन एकदा तो चढा. उतरून ढकलावी लागली तर मधली मोटर घ्या. दम लागला पण पोचलात तर चाकातली चालेल.

७० किलोमीटर कोणाचे, हे दुकानदाराला विचारा. हलकी स्वारी, सपाट रस्ता, सगळ्यांत कमी पातळी, असं ते गणित असतं. आपलं गणित आपण करावं. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-अवर म्हणजे ४६८. पाय मारत, मधल्या पातळीवर, थोडे चढउतार धरून किलोमीटरला १२ वॅट-अवर धरा: ३९ किलोमीटर. चढ जास्त, पाय आळशी, तर २० धरा आणि २३ किलोमीटरला बॅटरी आडवी. तुमच्या २२ किलोमीटरला ४६८ नवी असताना पुरेल, पण बॅटरी दरवर्षी थोडी म्हातारी होते, त्यामुळे याहून लहान घेऊ नका.

फिरवून बघायला द्या म्हणावं, आणि दुकानासमोर दोन चकरा मारून परत येऊ नका. मोटर बंद करून एक किलोमीटर चालवा. बॅटरी संपल्यावर तीच सायकल घरी आणायची आहे. दोन पायऱ्या उचलून चढवून बघा.

आणि सीटचा दांडा बघा, हे कोणी सांगत नाही. काही सायकलींना मोपेडसारखी एकसंध सीट असते, ती ना वर जाते ना बदलता येते. सीट खाली दोन बारीक रुळांवर बसलेली असावी, दांडा साधा गोल असावा, म्हणजे पुढे काहीही बसवता येईल. काहींत बॅटरी सीटमागे इतकी दाटीने असते की दांड्यात बदल करायला जागाच नसते. पाय टेकायची भीती फार असेल तर पायडल जरा पुढे बसवलेली फ्रेम शोधा. तिच्यावर पाय पुरेसे लांबवूनही तळवे टेकतात.

प्रश्न : स्प्रिंगवाला सीट पोस्ट (सीटचा दांडा) बसवला. खड्ड्यात काहीच फरक नाही, स्पीडब्रेकरवर मात्र ‘खट्’ होतो. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : नाही, तो तुमच्या वजनाला लावलेला नाही. नळीत स्प्रिंग असलेल्या दांड्याला खालच्या टोकाला एक स्क्रू असतो, दांडा बाहेर काढल्यावर दिसतो. तुम्ही शांत बसल्यावर दांडा त्याच्या एकूण हालचालीच्या पावभर खाली बसला पाहिजे, म्हणजे ४ सेंटिमीटरची हालचाल असेल तर एक. कमी बसत असेल तर स्क्रू सैल करा, जास्त बसून खाली आपटत असेल तर आवळा. तुमचं वर्णन वाचून नळी आत कोरडी पडली असावी असा संशय येतो. बारीक खड्ड्यांना अडकते आणि मोठ्या हिसक्याला एकदम सुटते. पुसून ग्रीस लावा. जोडकाड्यांवर खाली-मागे झुलणारे दांडे येतात ते बारीक धक्केही छान पितात, पण ते जड आणि महाग. काहीही बसवलंत तरी बसल्यावर खाली गेलेलं अंतर धरून सीटची उंची पुन्हा लावा, आणि दांड्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

पण दांड्याच्या आधी हवा. जॉन डनलॉप यांनी १८८७-८८ च्या सुमारास मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला तो खडखडाट थांबावा म्हणूनच, आणि आपण त्याच टायरमध्ये दगडासारखी हवा भरून वर स्प्रिंग विकत घेतो. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. वरच्या आकड्यापासून पाच-पाच पीएसआय उतरवत जा, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. छापलेल्या किमानाखाली जाऊ नका. पाच सेंटिमीटर रुंद टायरमध्ये हा बदल पहिल्याच खड्ड्याला कळतो.

प्रश्न : सायकल एक, चालवणारे दोघं. माझ्या आणि ह्यांच्या उंचीत १४ सेंटिमीटरचा फरक. रोज सीट वर-खाली करून वैताग आलाय, आणि मला बरी वाटणारी सीट ह्यांना रुतते.

उत्तर : सीट एकच कशाला? त्याच व्यासाचा दुसरा दांडा घ्या आणि त्यावर ह्यांची सीट कायमची बसवून टाका. दांड्यावर व्यास कोरलेला असतो, २७.२ किंवा ३१.६ मिलिमीटर असा काहीतरी. तो दशांशासकट लिहून न्या, अंदाजाने आणलेला दांडा बसत नाही. फ्रेमवर पाना लागणारा बोल्ट असेल तर खटका असलेली पकड बसवून घ्या. मग एक दांडा उपसायचा, दुसरा घालायचा, नाक सरळ करायचं, खटका दाबायचा. किती आत घालायचा यासाठी मी आमच्या घरच्या दोन्ही दांड्यांवर नेलपॉलिशने रेघ ओढली आहे, माझी लाल, ह्यांची गुलाबी. गुलाबी का, असं ह्यांनी अजून दोनदाच विचारलंय.