‘रुजू झाल्यावर ठरवू’

ताई, ९ वर्षं मी फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. कमाई बरी आहे, पण कंपन्यांची माहितीपत्रकं करून मन विटलंय. कर्णबधिर मुलांसाठी शिक्षणसाहित्य तयार करणाऱ्या एका संस्थेनं पूर्णवेळ नोकरी देऊ केली आहे. पगार आताच्या कमाईपेक्षा कमी आहे. संचालिका फार आपुलकीनं बोलल्या. नेमकं काम काय ते रुजू झाल्यावर ठरवू म्हणाल्या. पण इतक्या वर्षांनी मला कुणाच्या हाताखाली काम करणं जमेल का? समाधानासाठी पैसे सोडणं हा मूर्खपणा तर नाही ना?
– दोलायमान

प्रिय दोलायमान,

स्वातंत्र्याबद्दल विचारलंत, पैशांबद्दल विचारलंत, आणि ‘नेमकं काम रुजू झाल्यावर ठरवू’ हे मात्र जाता जाता सांगून पुढे गेलात. मी तिथंच अडले.

चार पानांचं माहितीपत्रक हाती घेताना तुम्ही काय करता? मजकूर कोण देणार, किती दुरुस्त्या करून देणार, अंतिम मंजुरी कुणाची, हे लिहून घेतल्याशिवाय फाइलसुद्धा उघडत नसाल. आणि आता आठवड्याचे सगळे दिवस देऊन टाकायचे, तर एक प्रश्न विचारायचा संकोच वाटतो? काम पुण्यकर्माचं आहे म्हणून? संचालिका मनानं कितीही चांगल्या असोत, पद काढताना त्या पदाचं काम ठरवणं ही त्यांची जबाबदारी होती. ती त्यांनी टाळली आणि तुम्ही टाळू दिलीत.

लहान संस्थेत एकटाच डिझायनर असला की काय होतं, ते ऐका. मुलांचं साहित्य हे सावकाश होणारं काम आहे. खुणेचं चित्र काढायचं तर हाताचा आकार, तळव्याची दिशा, हालचाल कुठून कुठे जाते, चेहऱ्यावरचा भाव, सगळं एका नजरेत कळायला हवं. मागची रंगसंगती हातांना गिळता कामा नये. मग ते खुणांची भाषा रोज वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींकडून आणि शिक्षकांकडून तपासून घ्यायचं, वर्गात वापरून पाहायचं, पुन्हा बदलायचं. या कामाच्या मागे कुणी तारीख घेऊन उभं नसतं. देणगीदारांपुढचं सादरीकरण मात्र उद्या सकाळी हवं असतं. वार्षिक अहवाल ठरल्या दिवशी छपाईला जायचा असतो. कार्यक्रमाचा बॅनर, सोशल मीडियाच्या पोस्ट, आभारपत्रं, सगळ्यांना घाई. तारखेचं काम बिनतारखेच्या कामाला रोज थोडं मागे ढकलतं. असंच चाललं तर वर्षभरात तुम्ही पुन्हा माहितीपत्रकंच करत असाल, तीही कमी पैशांत. आणि तक्रार तरी कशी करणार? अहवालही संस्थेचाच, बॅनरही संस्थेचाच.

म्हणून सही करायच्या आधी, याच आठवड्यात, संचालिकांना एक ईमेल पाठवा. फोन नको, भेट नको. उत्तर लेखी हवं. सुरुवातीलाच गेल्या ३ महिन्यांत डिझाइनची कोणकोणती कामं निघाली आणि ती कुणी मागितली, याची यादी मागा. पदाच्या वर्णनात काहीही लिहिता येतं, या यादीतून तुमचे खरे दिवस दिसतील. त्याखाली विचारा: माझ्या आठवड्यातले किती दिवस फक्त शिक्षणसाहित्यासाठी राखलेले असतील? दोन कामं एकदम आली तर आधी कुठलं, हे ठरवणारी एक व्यक्ती कोण? पहिल्या ३ महिन्यांत माझ्याकडून काय पूर्ण व्हायला हवं? या पदावर आधी कुणी होतं का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? शेवटी, पगार संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून येणार की एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून, आणि अनुदान असेल तर ते कधी संपतं? हा शेवटचा प्रश्न गाळू नका. ठरावीक प्रकल्पासाठी दिलेला पैसा बहुतेक वेळा दुसरीकडे वळवता येत नाही. प्रकल्प संपला की तुमची खुर्चीही धोक्यात येते.

‘आपण सगळे कुटुंबासारखे आहोत, काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर आलं असं मी मानणार नाही, तुम्हीही मानू नका. साहित्यासाठी आठवड्यातले ३ दिवस लिहून मिळत असतील तर आनंदानं जा. तेवढे मिळत नसतील तर सही करू नका.

हाताखाली काम करणं जमेल. ९ वर्षं क्लायंटच्या तारखा आणि लहरी सांभाळल्यात, तिथं एक वरिष्ठ जड जाणार नाही. पैशांचं म्हणाल तर पगाराची तुलना बिलांच्या बेरजेशी करू नका. गेल्या १२ महिन्यांत खरोखर जमा झालेल्या रकमेतून सॉफ्टवेअर, उपकरणं, विमा आणि कर वजा करा, मग कर कापून हाती येणारा पगार शेजारी ठेवा. फरक तुम्हाला वाटतो त्याहून लहान निघण्याची शक्यता बरीच आहे.

करार हाती येईपर्यंत एकाही क्लायंटला निरोप देऊ नका. तो आला की बाहेरच्या कामावर बंदी आणि तुमच्या निर्मितीचे हक्क, ही दोन कलमं नीट वाचा. हातातली अर्धवट कामं आणि आधीच्या डिझाइनचे हक्क अपवाद म्हणून नावानिशी लिहून घ्या. थकलेली बिलं मूळ फाइली सुपूर्द करण्याआधी वसूल करा, नंतर तुमच्या फोनला उत्तर द्यायची कुणाला घाई नसते. आणि फाइली देताना वापरलेल्या फॉण्टची यादी जोडा. परवाना तुमच्या नावावर असेल तर क्लायंटला स्वतःचा घ्यावा लागेल, हे त्यांना आधीच कळवा.